परत मागितलेल्या बाटल्या

३ मार्च, सोमवार

हाताला अजून लिंबाचा वास येतोय. दोनदा साबण लावला तरी जात नाही. जाऊ नये असंच वाटतंय म्हणा!

टोपलीभर लिंबं सोलली आज. मोठी, जाड सालीची, पिवळीधमक. कोमट पाण्यात ब्रशने घासून घेतली, मग सुरी. नुसतं वरचं पिवळं काढायचं, खालच्या पांढऱ्याला धक्का लावायचा नाही. पांढरं आलं की सगळी लिकर, म्हणजे आमची लिंबाची गोड दारू, कडू! ह्यांनी मोठ्या तोऱ्यात एक सोलून दाखवलं. निम्मं लिंबू सालीबरोबर गेलं. म्हटलं, तुम्ही आपलं ड्रायव्हिंग शिकवा. तर म्हणतात, "सुरीला ब्रेकच नाही, मी काय करू?" शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून जन्मभर ब्रेक दाबलेत, आता सगळीकडे ब्रेकच शोधतात.

एक बरणी भरली. सालींवर स्पिरिट, झाकण घट्ट, कपाटात अंधारात. आता महिनाभर अधूनमधून हलवायची आणि वाट बघायची. माझ्यासारख्या उतावळ्या बाईला तेच जड जातं.

फ्रिज उघडला की सोललेली लिंबं कुडकुडत बसलेली दिसतात. बिचारी!

५ मार्च

दुसऱ्या बरणीला स्पिरिट पुरलं नाही. औषधवाल्याकडे गेले, तर दुकान बंद. आईचं आजारपण म्हणून गेलाय, कधी येईल पत्ता नाही. दरवर्षी त्याच्याकडूनच घेते. पिण्यालायक असा शिक्का असतो त्याच्या मालावर.

मागच्या गल्लीत एकजण अत्तर बनवणाऱ्यांना माल पुरवतो. त्याच्याकडे गेले. "बाई, एकदम शुद्ध. लहान पोराला पाजा!" माणसाने इतकं कशाला बोलावं? पण घरी सालं सुकत होती. घेतला कॅन. पांढरा, वर शिक्काबिक्का काही नाही. दुसरी बरणी त्याच्यावर भरली.

९ मार्च, रविवार

लेकीचा फोन. ताईकडे राहायला गेली त्याला वर्ष होऊन गेलं. नोकरी त्या शहरात, ते ठीक. पण खोली घेऊन राहता आलं नसतं का? मावशीच्याच घरी का?

ताईचे शब्द अजून कानात आहेत. भर जेवणात, सगळ्यांसमोर — "तुझ्या घरात पोरीला श्वास घ्यायला जागा नाही. घास मोजतेस तिचे." माझ्या हातातला डाव तसाच राहिला. तेव्हापासून आमचं बोलणं बंद.

ताई उभा जन्म नर्स. इंजेक्शन देताना 'मुळीच दुखणार नाही हं' असं कुणाला म्हणाली नाही कधी. 'दुखेल. हात सैल सोड.' तोंडाला फडकं म्हणून नाही. खोटं बोलणं जमतच नाही तिला, आणि त्याचाच माज!

लेक म्हणाली, "आई, मावशीला तुझी पिवळी फार आवडते." (पिवळी हे नाव ह्यांनी ठेवलंय. 'लिकर' म्हटलं की त्यांना म्हणे इंजिनातलं काहीतरी गळतंय असं वाटतं.) मी विषय बदलला. इकडे पाऊस नाही, तिकडे आहे का वगैरे.

२० मार्च

बरण्या हलवल्या. रंग उतरलाय सुरेख.

२ एप्रिल

आज मिसळणी. सालं गाळून काढली — पांढुरकी, कडक, चिमटीत कागदासारखी मोडतात. सगळा जीव स्पिरिटने ओढून घेतलेला. साखर पाण्यात विरघळवून पूर्ण गार केली होती. ती ओतताना ह्यांना मुद्दाम हाक मारली. लख्ख पिवळं एका क्षणात दुधाळ होतं. दरवर्षी बघते, दरवर्षी 'अगंबाई' निघतं तोंडातून!

दोन्ही बरण्यांचा रंग एक, वास एक. बोट बुडवून जिभेला लावलं. छान. औषधवाल्यावाचून माझं काही अडलं नाही.

६ एप्रिल, रविवार

बाटल्या भरल्या. सगळ्या एकसारख्या, काचसामानवाल्याकडच्या, लांब मानेच्या. ह्यांनी नरसाळं धरलं आणि माझ्यावर डाफरले — "सावकाश! क्लच सोड हळूहळू!" हसता हसता थोडी ओट्यावर सांडली. कुठली बाटली कुठल्या बरणीतली ते आता मलाच सांगता येणार नाही. सांगायचंय कुणाला?

चिठ्ठ्या चिकटवल्या. 'लिंबू'. बस.

१३ एप्रिल

लेक शनिवारी आली, आज गेली. मी काही मोजलं नाही. ताटाकडे बघितलंसुद्धा नाही! तर ही म्हणते, "आई, तुझं बरं नाहीये का?"

निघताना तिच्या पिशवीत एक बाटली सरकवली.

"मावशीला दे. मी दिली म्हणू नकोस."

"मग कुणी दिली म्हणू?"

"काही म्हणू नकोस. नुसती ठेव."

"आई, वर तुझ्या अक्षरात 'लिंबू' लिहिलंय."

घेऊन गेली मात्र.

बाकीच्याही वाटून झाल्या. एक मी काम करते त्या चष्म्याच्या दुकानाच्या मालकांना. एक खालच्या मजल्यावरच्या कर्नलना. ते कर्नल नाहीत, बँकेत होते. पण जिन्यात कुणी चप्पल वाकडी काढली तरी हुकूम सोडतात, म्हणून कर्नल. एक ह्यांच्या मेकॅनिकला, त्याने क्लचप्लेटचं काम वेळेवर करून दिलं म्हणून. एक घरी.

१६ एप्रिल

ताईचा फोन नाही.

२० एप्रिल

नाही. मी का वाट बघतेय?

२४ एप्रिल, गुरुवार

अक्षर वाकडं येतंय.

दुपारी औषधवाल्याचं दुकान उघडं दिसलं. आईची चौकशी करायला आत गेले. ती बरी आहे. बोलता बोलता सहज म्हटलं, तुम्ही नव्हतात, मग मागच्या गल्लीतून स्पिरिट घेतलं. त्याचा चेहराच उतरला.

"त्याच्याकडून? प्यायच्या कामाला?"

परवा त्या माणसाच्या गोदामाला कुलूप ठोकलंय म्हणे. नदीपलीकडच्या वस्तीत एका समारंभात त्याच्याच स्पिरिटची दारू प्यायले लोक. मिथेनॉल निघालं त्यात. काहीजण दवाखान्यात आहेत. एकाची नजर गेली. पूर्ण गेली!

"वासावरून कळत नाही का?" मी विचारलं.

"नाही. चवीवरूनही नाही. म्हणून तर लोक मरतात."

घरची बाटली आम्ही निम्मी प्यायलो आहोत आणि धडधाकट आहोत, पण त्याने काय कळणार? ती चांगल्या बरणीतली असेल. मग दुसरी बरणी कुणाच्या घरी गेली?

दुकानातूनच लेकीला फोन लावला. ती ट्रेनिंगला परगावी आहे, सोमवारपासून. "मी घेतली नाही गं, मावशीकडेच आहे. आई, मावशीला तू स्वतः फोन कर. आत्ता." लावला. वर्षभराने तो नंबर लावला. वाजतोय, वाजतोय, उचलत नाही! परत लावला. शेवटी निरोप पाठवला — 'ताई, बाटली उघडू नकोस. विषारी असू शकते. फोन कर.'

शेजारणीचा वगैरे नंबरही नाही माझ्याकडे. सख्ख्या बहिणीच्या शेजारी कोण राहतं ते मला माहीत नाही.

ह्यांनी गाडी काढली. मेकॅनिक गॅरेजमध्ये, गाडीखाली. नुसते पाय दिसत होते. हे ओरडले, "ती बाटली कुठाय?" पाय म्हणाले, "सासूला दिली." हे म्हणाले, "लवकर परत आण, विष असेल त्यात!" पाय जरा आत सरकले. मग — "म्हणजे... आजच आणू?" मला हसू आलं आणि मग रडूच कोसळलं. बिचारा घाबरून बाहेर आला, आमच्याबरोबरच गाडीत बसला. सासूबाईंनी पाहुण्यांसाठी म्हणून कपाटात जपून ठेवली होती. बूचही काढलं नव्हतं. त्यांना काय सांगितलं तर 'चुकून दुसऱ्याची आली'.

मालक पीतच नाहीत. त्यांनी ती दुकानात शोभेला ठेवली होती, चष्म्यांच्या रांगेत. मी रोज तिच्याकडे पाठ करून उभी असते!

कर्नलचं दार वाजवलं. कुणी नाही.

ताई अजून उचलत नाही. हे म्हणाले, "सकाळपर्यंत नाही उचलला तर गाडी काढू." आता मला ब्रेक वगैरे काही नको आहे.

२५ एप्रिल, सकाळ

ताईने उचलला.

मी काय बोलले ते धड आठवत नाही. स्पिरिट, कॅन, नदीपलीकडचे लोक, डोळे — सगळं एकदम. रडतच होते. ती ऐकत राहिली. मागे कुठेतरी गाडी ढकलल्यासारखा आवाज, माणसांचं बोलणं. बाजारात असेल.

मग म्हणाली, "रडू नकोस. मी ती ओतून टाकली. आली त्याच दिवशी. मोरीत."

"काय?"

"मोरीत ओतली म्हणतेय ना. झोप जाऊन आता." आणि ठेवला फोन.

देवा, सुटले! तशीच खाली फरशीवर बसले. हे धावत आले, त्यांना वाटलं काय झालं. म्हटलं, ओतली तिने. ह्यांनी हात जोडले. कर्नलच्या दाराला मात्र अजून कुलूपच.

त्याच दिवशी, रात्री

आनंद झालाय. व्हायलाच हवा. पण 'आली त्याच दिवशी' हे मनातून जात नाही. उघडून वासही घेतला नसेल. सालीसारखी सोलून फेकली मला. वाचली ती माझ्यावरच्या रागामुळे — आणि त्याचं मला वाईट वाटतंय! माणसाचं मन म्हणजे काय चीज आहे.

सकाळी तशीच कामावर गेले. दिवसभर लोकांना तक्त्यापुढे बसवून विचारत होते — 'हे अक्षर दिसतं का? आता स्पष्ट की आधी स्पष्ट?' एक आजोबा म्हणाले, "धूसर दिसतंय हो." काच माझ्या हातातून निसटली. त्यांना नवीन नंबर हवा होता, एवढंच.

२६ एप्रिल, शनिवार

कर्नल सापडले, आणि कसे! जिन्यात भेटले. कठड्याला धरून, चाचपडत उतरत होते.

"आजोबा, ती बाटली—"

"संपली. उत्तम होती. पण हल्ली डोळ्यांपुढे जरा धुकं आहे."

काय सांगितलं, कसं सांगितलं देव जाणे. त्यांनी मात्र आवाज चढवला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच! "ठीक आहे. चल. मोजे घालून येतो," एवढंच म्हणाले. गाडीत हे पुढे, मी मागे त्यांच्या शेजारी. माझा हात त्यांनी धरला होता की मी त्यांचा, आठवत नाही. सिग्नलला हे थांबले तेव्हा कर्नल म्हणाले, "माझी बायको गेली तेव्हा तू रोज डबा आणून द्यायचीस. आता काही झालं तरी मी तुझं नाव कुणाला सांगणार नाही." मला म्हणे धीर देत होते! मी म्हटलं, तुम्ही नाही सांगितलं तर मी सांगेन.

रक्त घेतलं. वाट बघायला लावली. बाकावर एक बाई मुलाच्या अंगावर पांघरूण ओढत होती, परत परत, ते सरकलं नसतानाही. मी तिच्याकडेच बघत बसले.

रक्तात काही नाही! मग डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बॅटरी मारून बघितलं. "आजोबा, तुमचा मोतीबिंदू चांगला पिकलाय. किती वर्षं अंगावर काढलात?" कर्नल लगेच कर्नल झाले. "मला विचारल्याशिवाय पिकलाच कसा?" सगळं बाकडं हसलं. मी सोडून. मला उलटी झाली, बाहेर कुंडीपाशी.

२८ एप्रिल

औषधवाल्याने कॅनमधलं उरलेलं आणि परत आलेल्या बाटल्या तपासणीला पाठवल्या. कर्नलनी रिकामी बाटलीही दिली, तळाला चार थेंब होते. त्या माणसाविरुद्ध मी चौकीत लिहून दिलंय. शिपाई विचारत होता, "घरीच बनवता? कशी?" त्याला लिंबू सोलण्यापासून सांगावं लागलं. "पांढरं घ्यायचं नाही" हेही त्याने लिहून घेतलं.

लेक ट्रेनिंगहून परत. मावशी बरी आहे म्हणाली. जरा दमलेली दिसते.

१ मे

दुकानातून येताना फळवाल्याने लिंबं दाखवली. ताजी, पानांसकट. मी रस्ता ओलांडून पलीकडे गेले.

२ मे, शुक्रवार

निकाल आला. कॅनमध्ये मिथेनॉल — भरपूर. मालकांची बाटली विषारी. मेकॅनिकच्या सासूबाईंची विषारी. कर्नलची चांगली. घरची चांगली.

म्हणजे खरंच विष वाटत फिरले मी. चिठ्ठी चिकटवून, हसत हसत. मालक पीत नाहीत म्हणून, पाहुणे आले नाहीत म्हणून वाचले. माझ्या हुशारीने कुणीच वाचलं नाही.

ताईची कशी होती ते कधीच कळणार नाही. मोरीत गेली.

संध्याकाळी तिला फोन केला. निकाल सांगितला. म्हटलं, "बरं केलंस ओतलीस ते." ती "हं" म्हणाली. मग — "कर्नलचीही चांगली निघाली ना? म्हणजे चांगल्या बरणीतल्या होत्या काही." म्हटलं, हो. पुन्हा "हं".

ती कधी 'हं' म्हणत नाही. मुद्द्याचं बोलते किंवा फोन ठेवते.

ह्यांना सांगितलं, रविवारी जाते तिकडे. लेकीला भेटून येते. म्हणाले, "लेकीला?" मी पिशवी भरायला घेतली.

४ मे, रविवार

न कळवता गेले. लेक अंघोळीला गेली होती. ताईने दार उघडलं, आत वळली, चहा टाकला. मग फ्रिजमधून लांब मानेची बाटली काढून माझ्यापुढे ठेवली. निम्मी.

"ही तपासायला लागेल का? रोज जेवणानंतर घोटभर घेत होते. तुझा निरोप आला त्याच दुपारीसुद्धा."

"आणि मोरीत ओतली म्हणालीस ते?"

"निरोप रात्री उशिरा वाचला आणि तडक हॉस्पिटलात गेले. तू सकाळी फोन केलास तेव्हा तिथेच बाकावर होते. रक्ताचा रिपोर्ट यायचा होता."

"वेडी आहेस का, ताई! रिपोर्ट यायचा होता आणि मला—"

"तू रडत होतीस."

चहा उतू गेला. तिनेच उठून गॅस बंद केला. माझ्याच्याने एवढंच विचारलं गेलं — "दिसतंय ना तुला नीट?"

माझ्याकडे वळून खालपासून वरपर्यंत बघितलं तिने.

"दिसतंय. जाड झालीस."